गालावरचा सांधा

यांचा कान आधी आला. प्रिंटर जरा खाकरला, थरथरला आणि त्यानं कागद बाहेर ढकलला. त्यावर फक्त एक कान, थोडे पिकलेले केस आणि मागे लग्नाच्या हॉलचा पडदा. लेकीनं कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा घातला आणि तो माझ्या हातात दिला. मी तो पलंगावर पालथा ठेवला. सबंध नवरा घरात असताना त्याच्या कानाकडे कधी नीट बघितलं नव्हतं, आता नुसत्या कानाकडे बघून काय करायचं होतं?

"आई, पालथा नको ठेवूस, शाई ओली आहे."

"बरं."

मी तो सुलटा केला. मग अर्धी भुवई आली. मग नुसताच पडदा.

हे घरातून गेले त्याला चार महिने होत आले होते. त्याआधी वर्षभर विसरत होते. आधी किल्ल्या विसरायला लागले, मग गॅस बंद करायला, मग सख्ख्या धाकट्या भावाचं नाव. भावाचं नाव विसरले तेव्हा मी म्हटलं होतं, चला, एक तरी बरी गोष्ट विसरले. एका सकाळी पाव आणतो म्हणून पायात सपाता घालून खाली उतरले आणि परत आले नाहीत. पाववाल्याकडे पोचलेच नव्हते.

पहिले काही दिवस मी खूप रडले. मग एकदम रडू यायचंच बंद झालं. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. धीर कसला! दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपला वाटत नाही ना, तशी मी सबंधच झाले होते. शाळेच्या गणवेशांचा हंगाम होता. मी मशीनवर बसायचे, कॉलरी लावायचे, बटणं टाकायचे, आणि कोणी विचारलं की "काही कळलं का?" तर "नाही" म्हणून दोरा तोडायचे. भूक लागायची, झोपही लागायची. त्याची मला लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटत नव्हती.

शोधायचं ते सगळं शोधून झालं होतं. पोलिसांत तक्रार दिली होती. लेक, मी आणि माझे दीर, असे तिघं दवाखाने, आसरागृहं, बसचे अड्डे पालथे घालून आलो होतो. हातात एक फोटो. बघणारा फोटो बघायचा, मान हलवायचा. मोठ्या चौकातल्या सरकारी दवाखान्यात तर केसांत पेन खोचलेली एक आया होती, तिनं फोटो उजेडाकडे नेऊन, डोळे बारीक करून बघितला. इतका वेळ बघितला की लेकीनं माझा हात घट्ट धरला. मग ती म्हणाली, "नाही हो ताई, असा भरलेला माणूस आमच्याकडे कोणी नाही." आम्ही तिथून खालूनच परत फिरलो.

छोटी पत्रकं चिकटवली होती, ती कोणी वाचत नाही हे भाऊजींचं म्हणणं. भाऊजी म्हणजे तेच, ज्यांचं नाव हे विसरले ते. चांगला माणूस आहे, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. खुर्चीत बसून म्हणाले, "वहिनी, चौकात मोठा बॅनर लावायला पाहिजे. माणसाच्या डोक्याएवढा कान दिसला पाहिजे."

बॅनरच्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, पोलिसांचं पत्र आणा.

"कशाला? फोटो माझ्या नवऱ्याचा आहे."

"तसं सगळेच म्हणतात हो बाई. मागं एकीनं असाच बॅनर करून नेला. 'बेपत्ता' म्हणून. तो कुठला बेपत्ता, तिच्या कटकटीला कंटाळून बहिणीकडे जाऊन राहिला होता. त्यानं माझ्यावर वकील घातला."

एरवी मी त्याला दुकानातच सरळ केला असता. पण तोंड उघडायचाही कंटाळा आला. पोलिसांकडे गेलो तर पत्रावर सही करणारा साहेब रजेवर. तेव्हा लेक म्हणाली, "आई, आपल्या घरातल्या प्रिंटरवर करू. मोठ्या फोटोचे तुकडे पडतात, कागदाला कागद जोडायचा की झालं."

प्रिंटर तिच्या कॉलेजच्या वेळचा. वर दिवा कायम लाल, कागद एकेक हातानं द्यावा लागतो, नाहीतर दोन-दोन गिळतो. कॉम्प्युटरनं यांच्या फोटोवर उभ्या-आडव्या रेघा मारल्या, खिडकीच्या गजांसारख्या, आणि गजांमागे हे हसत होते. फोटो पुतण्याच्या लग्नातला. हातात ताटली, तोंडात घास, दोन्ही गाल टम्म. हे गाल म्हणजे आमच्याकडे सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. लेक लहानपणी ते दोन्ही हातांनी दाबून फुस्स आवाज काढायची. फोटो भाऊजींनीच निवडला होता. "यात दादा दादासारखा दिसतो," म्हणाले. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे कागद झाले. शेवटच्या दोनांवर काळ्याचं करडं व्हायला लागलं आणि मग शाई संपलीच, पण त्या कागदांवर नुसती सदऱ्याची किनार होती, म्हणून चाललं. लेकीनं जमिनीवर मांडणी केली. प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही, चारही बाजूंना पांढरी पट्टी सोडतो. एका कागदाची पट्टी कापायची, दुसऱ्याची ठेवायची, आणि कापलेला त्या पट्टीवर रेघेला रेघ लावून चिकटवायचा. तिनं असं करत वरपासून खालपर्यंत लांब लांब पट्टे तयार केले. एका पट्ट्यात कान आणि खांदा, एकात डोळा आणि अर्धं हसू. मग तिची कामावर जायची वेळ झाली.

"आई, आता फक्त पट्ट्याला पट्टा जोडायचाय. या पांढऱ्यावर खळ लाव आणि चिकटव. आल्यावर मी बघते."

"जा तू. मला काय शिकवतेस, जन्म गेला जोडण्यात."

ती गेल्यावर मी पट्ट्यांसमोर उभी राहिले. बोटभर पट्टीवर खळ लावून चौकातल्या वाऱ्यात हे किती टिकणार? पहिल्याच झुळकीला नवरा दुभंगून रस्त्यावर. मी म्हटलं, नुसतं चिकटवून भागायचं नाही, शिवायला पाहिजे. आधी पट्टे एकमेकांना शिवायचे, मग सगळं जुन्या चादरीवर डकवायचं. जाड सुई काढली, टाका मोठा केला, आणि बसले.

कापड शिवतात तसंच शिवलं. सुलट बाजू आत, सुलटीवर सुलट, वर कोरी बाजू. त्यामुळे चेहरा मला दिसतच नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते बरंच वाटलं. समोर फक्त पांढरा कागद आणि कड. पाय पायडलवर, डोळे सुईवर. कागद शिवताना आवाज वेगळा येतो, कोरडा, टकटक. मधेच खालून कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, त्या मी सगळ्या ऐकल्या, आणि त्यातली एकही मला आठवत नाही.

यांचे शर्टही मीच शिवायचे. मी टेप गळ्यात घालून जवळ गेले की लगेच हे आपले दोन्ही हात अंगापासून जरा वर उचलायचे, हनुवटी वर करायचे आणि उभे राहायचे. त्यातही चुळबुळ. मी ओरडायचे, "हलू नका हो, माप चुकतं! पुरं झाल्याशिवाय हलायचं नाही." पुढं पुढं तर नुसता खांद्याला हात लावला, झोपेतून उठवायला, भाजीची पिशवी द्यायला, की म्हणायचे, "काय, माप घेतेस का?" तीस वर्षं तोच विनोद. मला कधीच हसू आलं नाही.

संध्याकाळी लेक आली, पाठोपाठ भाऊजी. मी सांधे इस्त्रीनं दाबून, चादरीवर डकवून, गुंडाळी करून ठेवली होती. तिघांनी मिळून ती भिंतीवर वरपासून खाली सोडली.

मग भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा कोण माणूस?"

भिंतीवर एक वाळलेला माणूस हसत होता. नाक यांचं, डोळे यांचे, कपाळ यांचं, पण गाल नाहीत. तोंडाच्या दोन्ही बाजूंना चेहरा आत ओढला गेला होता आणि हसू ओठांच्या कोपऱ्यात घडी पडल्यासारखं संपत होतं.

लेक जवळ गेली. सांध्यावरून बोट फिरवलं. "आई, आत किती घेतलंस?"

"इंचभर. दोन्हीकडून."

"इंच? अगं, पांढऱ्या पट्टीवर रेघेला रेघ लावायची होती! छापलेलं सगळं आत गेलं!"

माझी चूक मला तेव्हा कळली. शिंपिणीचे हात. पुरुषाच्या कपड्यात शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, जास्त सोडायची, कारण पुरुष सुटतो, उद्या उसवून ढिलं करता आलं पाहिजे. कागद हातात आला तरी हातांनी तेच केलं. आणि सांधे पडले होते नेमके दोन्ही गालांवर.

"तू बाबांना शिवून बारीक केलंस," लेक म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. भाऊजीही हसले. चार महिन्यांत या घरात पहिल्यांदा कोणी हसत होतं. मी दोघांकडे बघत राहिले. मग हसता हसता लेक खाली बसली आणि रडायला लागली, तिकडेही मी बघत राहिले.

"उसवा ना मग," भाऊजी म्हणाले.

"कागद आहे तो, भाऊजी. उसवला की सुईच्या भोकांवरून तिकिटासारखा फाटतो."

"मग पुन्हा छापू."

"शाई कुठाय?" लेकीनं डोळे पुसत विचारलं. "असली शाई आता कोणी ठेवत नाही, मागवली तर आठवडा."

"आणि मी चौकातल्या चपलांच्या दुकानवाल्याला सांगून बसलोय! उद्या सकाळी तो आपली गॅलरी देणार आहे. त्यानं विचार बदलला तर पुन्हा त्याच्या पाया पडा." भाऊजी येरझाऱ्या घालायला लागले. "हा लावून काय उपयोग? दादाला ओळखणारासुद्धा याला ओळखणार नाही. लोक म्हणतील, भलताच माणूस शोधतायत."

मला एकदम राग आला. कशाचा ते माहीत नाही, पण आला.

"लावा," मी म्हटलं. "खरा फोटो घेऊन फिरलात ना एवढे दिवस? ओळखलं कोणी? आता हा लावा. माझ्या हातून झालाय तसा लावा, नाहीतर मी एकटी जाऊन लावीन."

माझा आवाज चढला की भाऊजी लहानपणापासून गप्प बसतात. म्हणजे त्यांच्या लहानपणापासून, मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते. त्यांनी गुंडाळी काखेत घेतली.

लेकीनं खाली जाड अक्षरांत 'बेपत्ता' आणि घरचा नंबर लिहिला, आणि बॅनर लागला. चपलांच्या दुकानावरच्या गॅलरीत, बसथांब्याच्या बरोबर समोर. मी खाली उभी राहून बघितलं. वाऱ्यानं फुगायचा तेव्हा क्षणभर गाल भरल्यासारखे वाटायचे आणि पुन्हा आत जायचे. त्या वेळी एकच गोष्ट मनात आली, ती सांगते. हा माणूस जेवलेला नाही, असं वाटलं. मग बस आली आणि मी घरी गेले.

फोन यायला लागले. एकानं विचारलं, हा उमेदवार कोणत्या पक्षाचा? एक म्हातारा म्हणाला, "फोटो माझ्यासारखा दिसतो, पण मी हरवलेलो नाही, उगाच काळजी करू नका." त्याला लेकीनं बरं म्हटलं. एकीनं नुसतंच "सापडले का?" म्हणून विचारलं आणि आपल्या भावाबद्दल बराच वेळ बोलत राहिली. मी गणवेश शिवत होते.

पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी फोन आला. मीच घेतला.

"चौकातल्या बॅनरवर हा नंबर आहे. तुमचाच का?"

"हो."

"मी समोरच्या सरकारी दवाखान्यातून बोलते, आया आहे. रोज बसला उभी राहते तर तो माणूस माझ्याकडे बघतो. आज माझी ट्यूब पेटली. अहो, हा तर आमच्या वॉर्डातला गप्प काका! खिडकीशेजारचा."

मी हातातली पॅन्ट पूर्ण शिवली, दोरा तोडला, मशीनवर झाकण घातलं आणि लेकीला फोन केला. आवाज माझाच होता, पण दुसरं कोणी बोलत असल्यासारखा ऐकू येत होता.

दवाखान्याच्या जिन्यात ती उभी होती. केसांत पेन. तिनं मला ओळखलं नाही, मी तिला ओळखलं.

"आम्ही आलो होतो तुमच्याकडे," लेक म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वी. फोटो दाखवला होता."

आया थबकली. "तो ताटलीवाला? अगं बाई! तोच का हा? पण तो तर कसा गुबगुबीत होता. इथं आणलं तेव्हापासून काका असेच आहेत. कुठंतरी दूर रस्त्याकडेला पडलेले सापडले. ताप, अंगात काही उरलं नव्हतं. नाव विचारलं तर नुसते बघायचे, आजही तसेच." ती जिना चढता चढता वळली. "आता जो लावलाय तो बरोबर आहे बघा. हुबेहूब. आजारपणात काढलेला का?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी पायऱ्या चढत राहिले. भाऊजी कठड्याला धरून मागे थांबले होते. "काखेत कळसा," एवढंच म्हणाले आणि पुढची म्हण त्यांना पुरी करता आली नाही. आम्ही खाली उभं राहून फोटो दाखवत होतो तेव्हा हे वरच्या मजल्यावर होते. मला त्याचाही राग यायला हवा होता.

खिडकीशेजारी पलंगावर हे बसले होते. दवाखान्याचा ढगळ सदरा, खांद्याच्या शिवणी पार कोपरापाशी उतरलेल्या. चेहरा मला नवा नव्हता. मीच भिंतीवर सोडून बघितलेला होता.

"बाबा," लेक म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, शेजाऱ्याच्या मुलीकडे बघतात तसं, चांगल्या मनानं. मग भाऊजींकडे. मग पुन्हा खिडकीकडे.

मी पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांच्या गालाला हात लावला. जिथं मी शिवण मारली होती तिथंच खळगा होता. माझं बोट त्यात मावलं. मग हात खांद्यावर ठेवला आणि वाट बघितली. तीस वर्षं खांद्याला हात लागला की एकच वाक्य येत आलं होतं. मी बराच वेळ थांबले. ते आलं नाही. बाहेर बस थांबली, सुटली.

मग मीच म्हटलं, "अहो, माप घेते हं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण दोन्ही हात अंगापासून जरासे वर उचलले, हनुवटी वर केली आणि ताठ बसले.

टेप घरी होती. मी वितीनंच छाती मोजायला घेतली. पहिली वीत ठेवली, दुसरी ठेवताना बोटांना नुसत्या बरगड्या लागल्या, आणि मला रडू फुटलं. मोठ्यानं फुटलं असावं, कारण वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून आया धावत आली, लेकीनं मला मागून धरलं, भाऊजी "वहिनी, वहिनी" करायला लागले. हे मात्र तसेच हात वर धरून बसले होते. माप पुरं झाल्याशिवाय हलायचं नाही, असं मी त्यांना जन्मभर दटावत आले होते.